दोन लिटर वाढवून

सून शिष्ट होती आणि आळशी होती, असं थोरल्या काकीचं मत होतं. आणि काकीचं मत पोटात राहणाऱ्यातलं नव्हतं. सहा वर्षं परदेशात राहून डॉक्टरकी शिकलेली बाई. लग्न होऊन घरात आली त्याला दोन वर्षं झाली. पण दारात कुणी खोकत उभा राहिला तर त्याची जीभ बघेल, नाडी धरेल, चार गोळ्या हातावर ठेवेल, तर नाव नको. तिचं एकच पालुपद. माझ्याकडे परवाना नाही, मला औषध देता येत नाही, शहरात दाखवा. शहर बेचाळीस किलोमीटरवर. बस सकाळी सातला एक आणि दुपारी दोनला एक, तीही ड्रायव्हरचा मूड असेल तर. काकी म्हणे, विहिरीच्या काठावर बसलीय, आणि पाणी मागायला गेलं की नदीचा रस्ता दाखवते.

गाव काकीला तोंडावर थोरली काकी म्हणे आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिच्या कानावर होती आणि दोन्ही तिला मानवत होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मागे सात गाई, नदीकाठचं गवताचं रान आणि एकुलता एक मुलगा. मुलगा कामाला वाघ, पण त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे भाकड गाईची धार काढायची. घरात बोलायचं खातं काकीकडेच होतं, आणि ती ते दोन माणसांचं मिळून सांभाळत होती.

गावात दवाखाना नव्हता असं नाही. चार खोल्यांचा, पुढे ओटा असलेला, चांगला बांधलेला दवाखाना होता. डॉक्टर नव्हता. जुना डॉक्टर म्हातारा होऊन मुलीकडे राहायला गेला, तेव्हापासून दाराला कुलूप आणि पाटीच्या मागे गांधीलमाशांचं पोळं. मध्ये एक नवा डॉक्टर आला होता. बसमधून उतरला, ओटा बघितला, रस्ता बघितला आणि त्याच बसनं परत गेला. बॅगसुद्धा खाली टेकवली नाही.

परदेशात शिकून आलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागे. पहिल्या खेपेला सून चार मार्कांनी राहिली. दुसऱ्या खेपेला तिनं गोठ्यात धार काढता काढता हाडांची नावं पाठ केली. इतकी, की काकीलाही मांडीच्या वरची सगळी येऊ लागली. ती पास झाली. काकीला वाटलं आता सुटलो. पण पास होऊनही परवाना मिळेना. आधी शहरातल्या मोठ्या इस्पितळात वर्षभर काम करायचं आणि तिथल्या जागा भरलेल्या. मग सरकारनं नवा नियम काढला. ज्या गावाला डॉक्टर नाही तिथं तीन वर्षं राहायला जो तयार असेल, अशा परदेशी शिकलेल्या माणसाला लगेच तात्पुरता परवाना द्यायचा. सुनेनं अर्ज केला. उत्तराची वाट बघत ती गोठ्यात शेण काढत होती.

तेवढ्यात गवताची कापणी आली.

कापणीचे तीन आठवडे म्हणजे गावात दुसरं काही नाही. गिरणी बंद, शिलाईचं मशीन बंद, शाळा अर्धी बंद. ऊन आहे तोवर कापायचं, दुसऱ्या दिवशी उलथायचं, तिसऱ्या दिवशी पेंढ्या बांधायच्या. दव धरलं की गवत पिवळं पडतं आणि गाय त्याच्याकडे तोंड फिरवते. माणसं कमरेत वाकलेली, मानेवर गवताचं कुसळ टोचतंय, घाम डोळ्यांत उतरतोय, विळा चालतोय. सून विळा बरा चालवायची, पण पेंढी बांधायला तिला कधी जमलं नाही. तिनं बांधलेली पेंढी उचलली की निम्मं गवत जागेवरच राही. काकी मागून एकेक पेंढी सोडून पुन्हा आवळी, आणि बोटं थांबली नाहीत तशी जीभही थांबायची नाही. सून ऐकून घ्यायची. तिचे तळहात फोड फुटून लाल झालेले असायचे.

पाचव्या दिवशी गिरणीवाल्यानं स्वतःचाच तळहात कापून घेतला. विळ्याला धार चांगली होती आणि लक्ष दुसरीकडे. रक्तानं शर्ट भिजलेला, तो धावत काकीच्या रानात आला, कारण डॉक्टर तिथं होती. सुनेनं त्याला खाली बसवलं, डोक्याचा रुमाल सोडून जखमेवर दाबला आणि हात डोक्याच्या वर धरायला लावला. काकी तोवर घरातून सुई-दोरा आणायला निघालीसुद्धा होती. सून म्हणाली, टाके मी घालणार नाही. शहरात न्यायचं. मुलानं ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, सून गिरणीवाल्याचा हात वर धरून शेजारी बसली, आणि तिघं बेचाळीस किलोमीटर गेले. संध्याकाळी परत आले तोवर कालचं कापलेलं गवत न उलथता पडून राहिलेलं. निम्मं पिवळं पडलं.

गिरणीवाल्यानं ही गोष्ट रानात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितली. डॉक्टरच्या मांडीला मांडी लावून डॉक्टरकडे गेलो, म्हणे. धान्याचं पोतं डोक्यावर घेऊन उपाशी चाललो. शिंपीण तर आधीपासूनच फुगलेली. हिवाळ्यात तिचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा सुनेनं तिलाही बसचा रस्ता दाखवला होता. तेव्हापासून ती काकीच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे वळवून जायची. आणि नळावर एक बाई काकीला सरळ विचारून मोकळी झाली, सूनबाई नक्की डॉक्टर होऊन आली ना, का तिकडं नुसता बर्फ बघून आली.

काकीनं त्या बाईला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण घागर तिनं अर्धीच भरून घरी आणली.

पोस्टमन पत्र घेऊन रानातच आला. सुनेनं घाम पुसून पत्र वाचलं आणि मग मोठ्यानं सांगितलं. गुरुवारी शहरातून तिघं येणार. दवाखाना बघणार, तिचे कागद बघणार, आणि परवाना देण्याआधी तिच्या वागणुकीबद्दल गावात चौकशी करणार. मुलगा "बरं" म्हणाला आणि विळ्याला धार लावायला लागला. काकीच्या कानात मात्र एकच शब्द बसला. चौकशी.

आता चौकशी म्हणजे काय, हे काकीला शिकवायला नको होतं. तिनं उभ्या जन्मात साठ-सत्तर गाई विकल्या होत्या. घेणारा येतो, कासेला हात लावतो, दात बघतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, गाय कशी आहे. काकीची एक रीत होती. दूध दोन लिटर वाढवून सांगायचं. घेणारा मनात दोन लिटर कमी धरतो, म्हणजे शेवटी खरं तेवढंच उरतं. याला ती खोटं मानत नव्हती. उलट जो नेमकं खरं सांगतो तो गाईचा अपमान करतो, असं तिचं म्हणणं होतं. आणि इथं तर गाईचा प्रश्न नव्हता. शहरातली माणसं येणार, गावाला विचारणार, डॉक्टर कशी आहे, आणि गाव सांगणार, काय माहीत, आम्हाला तिनं कधी हात लावला नाही. मग काय परवाना देतील? कपाळ देतील.

सुनेला ती काही बोलली नाही. सून आडवी आली असती. बुधवारी दुपारी, माणसं सावलीला टेकलेली असताना, काकी घरोघर फिरली. गिरणीवाल्याला सांगितलं, टाके तिनं घातले म्हण. तो हसून तयार झाला. त्याला बोलायला निमित्त हवंच असायचं. आणखी आठ-नऊ घरं झाली. कुणाला ताप वाटून दिला, कुणाला जुलाब, एका म्हाताऱ्याला कंबर. शेवटी शिंपिणीचं दार. तिथं मात्र काकीला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं. कापणीतून सवड काढून शिंपीण एक शिवण मारत बसली होती, आणि ती शिवण संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. काकीच्या हातात दुधाची किटली. एवढा वेळ ती आयुष्यात कुणाच्या दारात गप्प उभी राहिली नव्हती. मग तिनं सांगितलं. शिंपिणीनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, खोकला म्हणू की निमोनिया म्हणू.

"खोकलाच म्हण," काकी म्हणाली. "फार चढवू नकोस."

गुरुवारी दवाखान्याचा ओटा धुतलेला होता, पोळं मुलानं आदल्या दिवशी धूर करून काढलं होतं. तिघं आले. एक चष्म्याची डॉक्टरबाई, तीच त्यांच्यातली मोठी. एक उंच माणूस, जो भिंतींची ओल बोटानं तपासत फिरला. आणि एक कारकून, मांडीवर वही. त्यांनी सुनेचे कागद तासभर बघितले. बाईंनी तिला काहीबाही विचारलं, तिनं उभ्या उभ्या उत्तरं दिली, आणि बाईंची मान डुलली. काकी खांबाला टेकून बघत होती. तिला कळत काही नव्हतं, पण मान डुललेली कळत होती.

मग बाईंनी गावाला विचारलं, ही तुमच्यात दोन वर्षं राहतेय, हिनं कुणावर काही उपचार केलेत का.

गिरणीवाला पहिला उठला. हात पुढे केला, टाक्यांची खूण दाखवली. सहा टाके, म्हणाला, दुखलंसुद्धा नाही. त्याच्यामागे ताप उठला, जुलाब उठले, कंबर धरून म्हातारा उठला. शिंपीण उठली ती निमोनियावरच गेली. एकमेकांचं ऐकून माणसांना चेव चढत गेला. बाजारात असतात तसे सगळे खुशीत होते. अकरा जण झाले. कारकून भराभरा लिहीत होता आणि काकी मनातल्या मनात मोजत होती.

तिची नजर सुनेकडे गेली ती सहज. सून पांढरी पडली होती. गवतात साप दिसल्यावर माणूस जसा जागच्या जागी थांबतो, तशी ती उभी होती.

बाईंनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. तुम्हाला नियम ठाऊक होता, असं त्यांनी सुनेला विचारलं. ती हो म्हणाली. परवान्याआधी रोग्याला औषध दिलं, टाके घातले, तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही, हेही ठाऊक होतं? ती हो म्हणाली, आणि म्हणाली, मी कुणालाही औषध दिलेलं नाही.

"मग ही अकरा माणसं खोटं बोलतायत?"

सुनेनं गावाकडे बघितलं. एकेका तोंडाकडे. मग काकीकडे. तिला सगळं समजलं, हे काकीला समजलं. तरी तिनं कुणालाही खोटारडं म्हटलं नाही.

भरलेल्या चरवीला गाईनं लाथ मारावी आणि दूध शेणात वाहताना आपण नुसतं बघत राहावं, तसं काकीला झालं. पाच वर्षं. सुनेची पाच वर्षं, गावाची पाच वर्षं, आणि लाथ मारणारी गाय ती स्वतः. तिनं खांब सोडला. ती पुढे आली आणि म्हणाली की हे सगळं तिनं शिकवलेलं आहे. एकेकाला घरी जाऊन.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्या समजुतीनं म्हणाल्या, आजी, सुनेला वाचवायला कोणतीही सासू असंच म्हणेल. कारकुनानं पान उलटलं.

"वाचवायला?" काकी म्हणाली. "हिला? अहो, दोन वर्षं मी या बाईच्या नावानं खडे फोडतेय. गावात कुणालाही विचारा."

आणि मग तिनं सुरुवात केली. इतके दिवस घरात, गोठ्यात, रानात, नळावर जे जे बोलली होती, ते सगळं तिनं शहरातल्या तीन माणसांपुढे मांडलं. माझा गुडघा भोपळ्यासारखा सुजला तेव्हा हिनं मला, नवऱ्याच्या आईला, सातच्या बसमध्ये बसवलं. साधी गोळी मागितली तर पाकिटावरचं वाचून दाखवलं आणि म्हणाली, हे शहरातल्या डॉक्टरला विचारा. शेजारणीच्या नातवाला उलट्या होत होत्या तेव्हा मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि गाडी बोलवा म्हणाली; एवढं तर मलाही ठाऊक आहे, त्याला परदेशी कशाला जायला हवं. गिरणीवाल्याचं रक्त वाहत होतं आणि मी सुई-दोरा आणायला निघालेली, तर ही हात धरून ट्रॉलीत बसली, आणि माझं निम्मं गवत पिवळं पडलं. हिच्या बापाला मी कळवलं होतं की तुमची पोरगी आळशी आहे. आळशी आणि शिष्ट. या तोंडानं सांगितलं होतं, त्याच तोंडानं आता सांगतेय. काल मात्र मी गावाला खोटं शिकवलं, कारण मला वाटलं गाय विकायची आहे.

मग गिरणीवाला खाकरला. त्याला स्वतःची खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा केव्हाही जास्त आवडत होती. त्यानं ती सांगितली, धान्याच्या पोत्यासकट, आणि पळत जाऊन गिरणीतल्या खिळ्याला अडकवलेला इस्पितळाचा कागद घेऊन आला. तारीख, शिक्का, सहा टाके, घालणाऱ्याची सही. बाईंनी तो दोनदा वाचला. शिंपिणीनं आपण कोणत्या बसनं गेलो, वाटेत कितीदा ओकलो आणि तेव्हापासून काकीच्या घराशी का बोलत नाही, हे सांगितलं. म्हातारा म्हणाला की त्याची कंबर खरी आहे, पण बघितली कुणीच नाही. आता प्रत्येकाला तक्रार होती आणि प्रत्येकाची खरी होती. दोन वर्षांचा राग लोकांनी ओट्यावर ओतला. सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाईंनी सुनेला एवढंच विचारलं की गिरणीवाला आला तेव्हा नेमकं काय केलं. रुमाल दाबला, हात वर धरला, इस्पितळात नेलं, ती म्हणाली. एवढं कुणीही करावं, बाई म्हणाल्या, आणि कारकुनाला ते अकरा जबाब खोडायला लावले. जाताना जीपपाशी त्या काकीला म्हणाल्या की चांगल्या वागणुकीचा इतका शिवराळ दाखला त्यांनी आजवर ऐकला नव्हता. पण निकाल त्यांच्या एकटीच्या हातात नव्हता. तो पत्रानं कळणार होता.

पुढचे बारा दिवस काकी कमी बोलली. गावाला ते जड गेलं. तिनं चारचौघांत खोटं कबूल केलं, ही बातमी पलीकडच्या गावांतही पोचली. एक जनावरांचा दलाल गोठ्यात येऊन म्हणाला, काकी, या गाईचं दूध सांगा, मी दोन लिटर कमी करून घेतो. एरवी तिनं त्याला गोठ्याबाहेर पळवला असता. त्या दिवशी तिनं खरा आकडा सांगितला, आणि दलाल इतका गोंधळला की गाय न घेताच गेला. शिंपीण मात्र आता थांबून बोलू लागली. भांडण एकदा मोकळं झाल्यावर धरून ठेवायला तिच्याकडेही काही उरलं नव्हतं.

सुनेनं एका शब्दानं काही काढलं नाही. रोज पहाटे धारा, मग रान. दोघी एका ओळीत कापत जायच्या, काकी अर्धा हात पुढे. काकी वाट बघायची की आता बोलेल, आता बोलेल. ऐकून घ्यायची तयारी तिनं केली होती, आणि अशी तयारी ती वारंवार करत नसे. शेवटी तिनंच विळा थांबवून सांगितलं की मनात आहे ते बोलून टाक एकदा.

सून पाठ सरळ करून उभी राहिली. "आई, मला त्या दिवशी पाच वर्षं दिसत होती," ती म्हणाली. "तुम्ही खांब सोडून पुढे आलात तेव्हा दिसायची बंद झाली." मग खाली वाकून तिनं गवतात हात घातला. "हे अजून ओलं आहे. उद्या बांधू या."

काकीला हे उत्तर आवडलं की नाही हे तिचं तिलाच ठरवता येईना. पण त्या दिवशी सुनेच्या पेंढ्या तिनं न बोलता आवळल्या, आणि जेवताना तिच्या ताटात जास्तीचं दूध वाढलं.

पत्र आलं तेव्हा गंजी रचणं चाललं होतं. काकी गंजीच्या माथ्यावर, दोन पुरुष उंचीवर, कारण गंजी रचावी तर तिनंच. खाली सून पेंढ्या फेकत होती आणि मुलगा ट्रॉलीतून उतरवत होता. सुनेनं हात कपड्याला पुसले, पाकीट फोडलं आणि वाचलं. मग ती खालीच गवतावर बसली. मुलानं तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. वर बघून त्यानं आईला मोठ्यानं सगळं सांगितलं. तात्पुरता परवाना. तीन वर्षं याच दवाखान्यात. महिन्याला एकदा शहरातला मोठा डॉक्टर येऊन तिचं काम बघणार. सोमवारपासून. एका दमात त्यानं वर्षाचं बोलणं संपवलं.

काकी वरून खाली बघत राहिली. सगळीकडे कापलेलं रान, सावल्या लांबलेल्या, गवताचा गोड वास. सून गवतात पाय पसरून बसली होती, डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि केसांत काड्या अडकल्या होत्या. अशी ती पंधरा वर्षांची दिसत होती. काकीनं कमरेवर हात ठेवले.

"ऐक गं," ती वरून म्हणाली, बांधावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशी. "तुला मी आळशी म्हणाले, ते परत घेते. शिष्ट म्हणाले, ते घेत नाही. शिष्ट तू आहेसच, आणि तशीच राहा. या गावात हो म्हणणारे पोत्यानं आहेत, मी त्यांना एका दुपारीत गोळा केले. तोंडावर नाही म्हणणारी तू एकटी. तेव्हा सोमवारी त्या खुर्चीत जाऊन बस, आणि मीसुद्धा काही उलटंसुलटं मागायला आले, तर मलाही नाहीच म्हण."